म्हाळाचं जेवण आणि जावई

आमच्या घरात तोंडाने नकार द्यायची पद्धत नाही. नकार ताटात वाढतात.

त्यामुळे सोलापूरच्या देशस्थ मुलाशी लग्न करणार असं मी जाहीर केलं, तेव्हा आई गप्प राहिली. बोलली ती आजी. मुलाची जात तिने एका सुस्काऱ्यात गिळली. घास अडकला तो पुढेच. "मासे खाणा नाय? मगे तो जगता कसो?" आम्ही मालवणकडचे, बिऱ्हाड लालबागला. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं न खाता माणूस मोठा होऊ शकतो, हे तिला पटेना. त्यात जावयाला कोंबडी-वडे वाढायची घराण्याची रीत. आता याला वाढायचं काय?

आईने तोड काढली. तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा ताटात वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि तांदळाची खीर. ताट बघून बाबांचा चेहराच उतरला. हा बेत आमच्याकडे होतो तो म्हाळाला, पितृपक्षात, गेलेल्यांसाठी. कावळ्याला हाक मारायची तेवढी बाकी होती.

निरोप स्वच्छ होता, पण सोलापूरकराला तो वाचता येईना. भाजक्या खोबऱ्याच्या वाटपात वडा बुडवत तो म्हणाला, "काकू, हे आमच्या आईला शिकवाल?" उभा जन्म चुलीपुढे गेलेल्या बाईला असं कुणी विचारलंच नव्हतं. ती तरातरा आत गेली आणि वड्यांचा नवा घाणा काढून आली.

तिकडे सोलापुरात पुरण वाटायला बसण्याआधी होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या हातावर लिंबाची फोड ठेवली. चोळ, असंही म्हणाल्या नाहीत. मी कोपरापर्यंत चोळलं.

लग्न 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली करायचं ठरलं. नोटीस लागली की हरकत घ्यायला 30 दिवसांची मुदत असते. लेखी हरकत कुणाचीच आली नाही. वाटाघाटी डब्यांतून झाल्या. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सासूबाईंची शेंगाचटणी आली. डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा. आमच्या एकूणएक कढईचं सुरमईशी जवळचं नातं, म्हणून आईने गावाहून खाजा मागवला. बाजारचा, म्हणजे सोवळ्यातलाच! उत्तरादाखल कडक भाकरी आल्या, मग इकडून आमसुलं गेली. मुदत संपेपर्यंत विहिणींचं इतकं जमलं होतं, की लग्न मोडलं असतं तरी डबे चालू राहिले असते.

आता दोन्ही घरं जवळून बघते. चातुर्मासात कांदा बंद, म्हणून सासूबाई कांदेनवमीला भज्यांचे घाण्यावर घाणे काढतात. पुढे श्रावण तोंडावर आला, की आई गटारीला मटणाचं मोठं पातेलं चढवते. सोडायच्या आधी ढेकर येईपर्यंत खायचं, हा दोघींचा धर्म एकच. कुणी कांद्याला रजा देतं, कुणी बोकडाला. एवढ्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या पंगतीला बसली नाहीत!

नवरा मटण अजूनही खात नाही. गटारीला रस्सा तेवढा घेतो, वडा भिजण्यापुरता. त्याचे वडे बरेच असतात. ही बातमी सोलापूरला पोचू नये, याची जबाबदारी आईने स्वतःहून घेतली आहे.