सांगलीपर्यंत भरते का?

सातारा ते सांगली हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण पिकअपच्या हौद्यात दुसरी बॅटरी बसवली की तेच अंतर अँपिअर-अवरमध्ये मोजावं लागतं, आणि मग अजिंक्यतारा, कंदी पेढे वगैरे मंडळी मुकाट्याने मागे पडतात. प्रस्तुत लेखकाचा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता असल्यामुळे विजेबद्दलची त्याची मतं अत्यंत ठाम आहेत. त्यातलं सर्वांत ठाम मत असं की दुसरी बॅटरी जास्त विजेसाठी घ्यायचीच नसते. ती वाटणीसाठी घ्यायची असते. लोक घेतात मात्र जास्त विजेसाठी, आणि म्हणून उंब्रजच्या आसपास सर्व्हिस रोडला रात्री गाड्या ढकलत असतात.

याचा पुरावा म्हणून बेंजो पार्टीचा पिकअप घ्यावा. हौद्यात दोन मोठे बॉक्स, अँप्लिफायर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, वर लुकलुकणाऱ्या माळा, आणि हे सगळं गाडीच्या एकाच बॅटरीवर. हिशेब सोपा आहे. 100 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1,200 वॉट-अवर. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हातात राहिले 600. सरासरी 200 वॉट खाणारा सरंजाम त्यावर तीन तास चालेल. नवरदेवाच्या मित्रांना हा हिशेब मान्य नसतो. लाउडस्पीकरला रात्री 10 ची मर्यादा आहे ती ध्वनिप्रदूषणासाठी असं सगळे समजतात. बॅटरीच्या दृष्टीने तो तिच्यावर केलेला उपकार आहे. दहा वाजतात, गाणं थांबतं, ड्रायव्हर चावी फिरवतो आणि बॉनेटखालून ‘टक्’ एवढाच आवाज येतो. इथून पुढे जो तो तज्ज्ञ होतो. एक जण टर्मिनलवर पान्याने ठोकतो, दुसरा टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायला सांगतो, तिसरा विचारतो, ‘आत्ता तर गाणं वाजत होतं की, मग बॅटरी कशी उतरेल?’ हा तिसरा माणूस महत्त्वाचा, कारण सगळा घोटाळा त्याच्या प्रश्नात आहे. गाण्याला पंधरा-वीस अँपिअर पुरतात. डिझेल इंजिनाच्या सेल्फला क्षणभर का होईना, शेकड्यांनी लागतात. ज्या बॅटरीवर लावणी ठणठणीत वाजते तिच्यावर इंजिन फिरेलच असं नाही. मग जरीचे कोट घातलेली पार्टी गाडीच्या मागे जाते आणि धक्का देते. जुन्या डिझेल गाड्या धक्क्यावर सुरू व्हायच्या. आताच्या गाड्यांत इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच वीज लागते, तेव्हा बॅटरी पार बसली असेल तर धक्का नुसता व्यायाम ठरतो. त्यांच्यातला सर्वांत लहान, मिसरूड न फुटलेला, झांज वाजवणारा पोरगा तोवर बॉक्सला टेकून झोपलेला असतो. त्याला कोणी उठवत नाही. मघाशी बॅटरीवरून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करणारी ही माणसं त्याच्या अंगावर ताडपत्रीचं टोक ओढतात आणि त्याच्यासकट गाडी ढकलतात.

यावर उपाय म्हणून दुसरी बॅटरी येते, आणि नाक्यावरचा वायरमन ती पहिलीला सरळ जोडून टाकतो: प्लसला प्लस, मायनसला मायनस. हे म्हणजे उधळ्या भावाला वाटणी न करता घरात ठेवणं. तो आपला हिस्सा उडवतो आणि मग कमावत्याच्या हिश्श्याला हात घालतो. सकाळी दोघेही कफल्लक. त्यातून एक बॅटरी जुनी आणि एक नवी असेल तर जुनी नवीला रात्रभर, काही वाजत नसतानाही, शोषत बसते. दोघांमध्ये लागतो तो एक रिले. इंजिन चालू झालं, डायनामोने व्होल्टेज 13.3 च्या वर नेलं की तो दोघांना जोडतो. इंजिन बंद पडून ते 12.8 पर्यंत आलं की तोडतो. गाणी दुसरीवर, सेल्फ पहिलीवर. दुसरी पार मेली तरी गाडी घरी येते. हा रिले बॅटरीच्या मानाने फार स्वस्त असतो, आणि नेमका तोच वगळला जातो, कारण तो वाजत नाही आणि चमकतही नाही.

वायरीबद्दल तर शांतपणे लिहिणं कठीण आहे. बॉनेटपासून हौद्यापर्यंत चार मीटर, परतीची धरून आठ. एवढ्या अंतरात 4 एमएमच्या तांब्याच्या वायरीतून 30 अँपिअर नेले तर जवळपास एक व्होल्ट वाटेतच संपतो. डायनामोने 14.2 दिले तरी मागे पोचतात 13.2, आणि एवढ्यावर बॅटरी कधीच पुरती भरत नाही. तिथे 25 एमएमची वायर हवी. मग वाटेत खर्च होतो जेमतेम पाव व्होल्टाच्या आत. पण अडीच हजारांच्या माळा घेणाऱ्याला जाड वायर ‘उगाच’ वाटते. फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना लागतो, कारण आता दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे वायर सोलली गेली तर आग कुठल्याही बाजूने येऊ शकते. काळी टेप हा फ्यूज नव्हे. आणि बॅटरीला नुसतं सुतळीने बांधून वर घट्ट झाकणाची पेटी ठोकू नये: चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला वाट लागते.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा एकच मोठी बॅटरी घ्या. घ्यावी, तीही एकाच वेळी सगळीच्या सगळी मरते, फक्त थोडी उशिरा. कोणी म्हणेल, इंजिन चालू ठेवा. पण आयडलिंगला डायनामो पुरता जोर धरत नाही, आणि वरातीच्या तोंडावर डिझेलचा धूर सोडायचा तर घोडाही तक्रार करतो. जनरेटरचा आक्षेप मात्र खरा आहे: मोठ्या साउंडला दुसरी बॅटरी पुरत नाही, तिथे जनरेटरच हवा. आणखी एक आक्षेप मान्य करावा लागेल. काही नव्या गाड्यांत डायनामो इंधन वाचवण्यासाठी मधूनच व्होल्टेज खाली आणतो. तिथे साधा रिले गोंधळतो आणि डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा लागतो. तो महाग आहे.

आता प्रवास. साताऱ्यात रात्री निम्मी उतरलेली दुसरी बॅटरी सकाळी निघाली की पहिला तास भराभर वीज पिते. तासवड्याचा टोलनाका येतो, कराड येतं, कृष्णा-कोयनेचा संगम येतो. वर पाटण तालुक्यात कोयनेचं पाणी अडवतात आणि त्यावर, बहुतेक घाटाखाली चिपळूण तालुक्यात, 1,960 मेगावॉटची वीज तयार होते, त्यातली एक फुटकी वॉटही हौद्यात येत नाही. कराडपर्यंत बॅटरी 75-80 टक्के भरते. सगळ्यांना वाटतं, सांगली गाठेपर्यंत काठोकाठ होईल. इथेच शिशाची बॅटरी आपला स्वभाव दाखवते: शेवटचे वीस टक्के ती चमच्याचमच्याने घेते आणि त्याला कित्येक तास लावते. पेठनाक्याला हायवे सोडला, आष्टा गेलं, सांगलीचं गणपती मंदिर आलं, तरी पाच-दहा टक्क्यांची भर. 1843 मध्ये याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते कुठल्याही बॅटरीवाचून केलं, पण ते उदाहरण आजच्या बेंजोवाल्यापुढे टिकत नाही. उरलेल्या टक्क्यांसाठी गाडी तशीच पुढे मिरज, पंढरपूर करत न्यावी लागेल, किंवा रात्री घरच्या प्लगला चार्जर लावावा. दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त आहे, बॅटरीलाही तोच मानवतो. त्यात डिझेल लागत नाही, टोल लागत नाही आणि सांगलीही लागत नाही, त्यामुळे प्रवासवर्णनकारांनी त्याची शिफारस जपून करावी.