सेकंदाला एक बुडबुडा

काचेच्या टाकीतली झाडं नीट वाढायची तर त्यांना कार्बन डायऑक्साइड पाजावा लागतो, हे ऐकल्यावर आई म्हणाली, "अरे, मग त्या पाण्यात तोंड घालून बोलत बस की. एरवी दिवसभर बोलतोसच." शास्त्र म्हणून यात खोट काढता येत नाही. आपण फुकट बाहेर टाकतो तोच वायू लोखंडी नळकांड्यात कोंबलेला विकत आणायचा आणि वर तो मोजून सोडायला रेग्युलेटर घ्यायचा. तोही चार आकडी. बरं, ज्या रोटालासाठी हा खटाटोप, तिची भावंडं कोकणात भातखाचरांत तण म्हणून उगवतात आणि बेणताना बांधावर फेकली जातात. मात्र खाचरातली रोटाला पाण्याबाहेर डोकं काढून हवा खाऊ शकते. टाकीत बुडालेलीची पंचाईत अशी, की हवेपेक्षा पाण्यात हा वायू साधारण 10,000 पट सावकाश पसरतो, आणि हवेतून आपसूक विरघळतो तो लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. हौशी लोकांना हवे असतात 30. उरलेल्या साडेएकोणतीस मिलिग्रॅमसाठी आम्ही कुर्ल्याच्या मासेवाल्या दुकानांत घाम गाळतो.

बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालूनही काम भागतं. पण तो कारखाना रात्री बंद करता येत नाही, आणि हॉलला येणाऱ्या वासाचा पाहुण्यांना खुलासा करत बसावं लागतं.

शेजारच्या काकांनी स्वयंपाकघरातला जुना रेग्युलेटर देऊ केला. "गॅस तो गॅस," म्हणाले. स्कूटरच्या चाकात हवेचा दाब असतो दोन-अडीच बार, या नळकांड्यात साठच्या आसपास, असं सांगितल्यावर काका विचारात पडले आणि म्हणाले, "मग वायसर बदलून घे."

दुकानदाराने काउंटरवर दोन नग ठेवले. दोन्ही पितळी, दोन्हींना दोन-दोन घड्याळं, फरक फक्त किमतीत. "साहेब, हा सिंगल स्टेज, हा डबल. सिंगल पण चांगला चालतो." चालतो, यात शंका नाही. गोम शेवटी आहे. नळकांड्यात वायू दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ते मोठं घड्याळ म्हणजे घरातला कर्जबाजारी मेहुणा. महिनोन् महिने "सगळं व्यवस्थित आहे" म्हणणार आणि एक दिवस एकदम हात वर करणार. त्यातही नळकांड्यातला दाब घसरला की साधा सिंगल स्टेज रेग्युलेटर पुढे सोडायचा दाब कमी करायचं सोडून वाढवतो. उरलासुरला वायू भसाभस टाकीत, आणि मासे पृष्ठभागावर येऊन आ वासतात. डबल स्टेजमध्ये दाब दोन टप्प्यांत उतरतो, त्यामुळे हा शेवटचा तमाशा टळतो. नागपूरकरांची तऱ्हा आणखी वेगळी. 31 अंशांच्या वर हा वायू द्रव राहतच नाही, त्यामुळे मे महिन्यात भरलेल्या नळकांड्याचा काटा उन्हाबरोबर चढत जातो.

माझं मत विचाराल, तर घड्याळांच्या चकाकीवर जाऊ नये. पैसे घालावेत ते सोलेनॉइडवर आणि नीडल व्हॉल्व्हवर. सोलेनॉइड ही विजेवर उघडणारी झडप. टायमरला जोडली की दिवे लागायच्या तासभर आधी उघडते, आणि दिव्यांबरोबर मिटते, कारण अंधारात झाडांना या वायूचा उपयोग नसतो. वीज गेली तरी मिटते, हा तिचा मोठेपणा. हात लावला तर चांगली गरम लागते. बायकोने लावून पाहिला आणि विचारलं, "अहो, हिच्यावर दही लागेल का?"

नीडल व्हॉल्व्हचं चाक तर बोटाने फिरवायचंच नसतं, फिरवण्याचा नुसता विचार करायचा असतो. केसभर इकडे, की बुडबुडे थांबले. केसभर तिकडे, की टाकीला उकळी. स्वस्तातल्या व्हॉल्व्हवर संध्याकाळी लावलेला वेग सकाळी तोच सापडत नाही. आणि वेग मोजायचा कशात? सेकंदाला किती बुडबुडे, यात. बुडबुडा केवढा, याला प्रमाण नाही. ज्याच्या त्याच्या नळीचा बुडबुडा निराळा, तरी लोक एकमेकांना "तुमचे किती?" असं साखरेच्या आकड्यासारखं विचारतात. त्यापेक्षा टाकीत डकवलेली काचेची छोटी कुपी बरी. तिच्यातलं औषध निळं असेल तर वायू कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं झालं की माशांची माफी मागून चाक आवळावं.

मी डबल स्टेज घेतला. नळकांडं भरायला आग विझवणाऱ्या सिलिंडरांच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने ते आधी रिकामं तोललं, मग भरून तोललं. आत माल किती, हे सांगणारा तेवढा एकच खरा काटा.

"कुठे लावणार?" त्याने विचारलं.

"पाण्यात."

त्याने पेन थांबवलं. "पाण्यात आग लागते?"

"झाडं आहेत. पाण्याखाली."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग पावतीवर त्याने लिहिलं: सोडावाले.