लाल सिग्नलपुरतं प्रवचन

तैवानमधल्या ताईचुंग शहरात लाल दिव्याशेजारी सेकंद उलटे मोजले जातात. सत्तर, एकोणसत्तर, अडुसष्ट. मोटारींच्या पुढे स्कूटरवाल्यांसाठी पांढरा चौकोन आखलेला, त्यात सगळे निमूट उभे. मशीन टूल्सच्या कामासाठी चिंचवडहून आलेला मी इथल्या सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. तेवढ्यात शेजारी दोन सायकली येऊन थांबल्या. पांढरे शर्ट, टाय, हेल्मेट, छातीवर काळी पाटी. विशीही न गाठलेली दोन गोरी पोरं घामाने निथळत होती. त्यातल्या उंच पोराने माझ्या सहकाऱ्याला चिनीत नमस्कार केला, जेवलात का म्हणून विचारलं, उकाड्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि बावन्न सेकंद उरलेले असताना थेट येशू ख्रिस्तावर आला. नमनाला घडाभर तेल जाळणाऱ्या आपल्या कीर्तनकारांनी या पोराकडे शिकवणी लावावी. आठ सेकंद उरले तेव्हा सहकाऱ्याच्या हातात चर्चचं कार्ड होतं. हिरवा लागला, स्कूटरींचा लोंढा निघून गेला, आणि ही दोघं पुढच्या लाल दिव्याची वाट बघत तिथेच थांबली. इतरांना लाल दिवा लागला की वैताग येतो, यांना हिरवा लागला की.

हे मॉर्मन. अमेरिकेत 1830 साली निघालेला पंथ, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. तैवानात यांचे पहिले प्रचारक 1956 साली उतरले. मुलं दोन वर्षं सेवा करतात, मुली दीड. पूर्वी मुलाला 19 पूर्ण व्हावी लागत, 2012 पासून 18 चालतात. देश आपण निवडायचा नाही. वरून पत्र येतं, त्यात जो निघेल तो. आयडाहोत बटाट्याच्या शेतात वाढलेला मुलगा असा ताईचुंगच्या चौकात येऊन उभा राहतो.

पुढे ते माझ्याच गल्लीत राहतात असं कळलं आणि ओळख वाढली. मराठी माणसाने पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न मी विचारला. पगार किती? पगार नाहीच, म्हणाले, उलट आम्हीच दरमहा पैसे भरतो. अमेरिकन मुलांसाठी ही रक्कम 2020 मध्ये 400 डॉलरवरून 500 झाली. पदरचे पैसे घालून काम, साहेबाने ठरवून दिलेला जोडीदार, अंघोळीचा अपवाद सोडला तर त्याला नजरेआड करायचं नाही, साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे मालवायचे, सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. आमच्या एचआरला हे कळता कामा नये. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बास्केटबॉल खेळायला आणि घरी फोन करायला मिळतो. फोनची ही चैनही 2019 पासूनची. त्याआधी आईचा आवाज ऐकायचा तो नाताळला आणि मातृदिनाला. मराठी आयांनी हा पंथ पहिल्याच आठवड्यात बंद पाडला असता.

मी त्यांना चहाला बोलावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा चालत नाही. कॉफीही नाही, दारू आणि तंबाखू तर नाहीच. 1833 पासूनचा नियम आहे. आता तैवानात चहा नको म्हणणं म्हणजे काय, हे इथे आल्याशिवाय कळायचं नाही. दुधाच्या चहात साबुदाण्याच्या थोरल्या भावंडासारखे काळे गोळे टाकून पिण्याची कल्पना याच देशातली, आणि दर शंभर पावलांवर तिचं दुकान. पोरांनी त्यावर तोड काढली होती. ती कोहळ्याचं सरबत पितात. इथे कोहळा काळ्या गुळासारख्या साखरेत आटवून त्याचं गोड पेय करतात, त्यात चहाची पानं नसल्यामुळे ते धर्माला चालतं. आपण दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगतो, ते फळ ही दोघं बर्फ घालून लिटरलिटर रिचवतात. शिवाय चर्चमध्ये ती फुकट इंग्रजी शिकवतात, म्हणजे आवळाही जवळ ठेवून आहेत.

पण आवळा देऊन कोहळा काढायला समोरच्याने थोडं तरी अडून बसावं लागतं. तैवानात कोणी अडतच नाही. दार आपटत नाही, वाद घालत नाही. माणसं मान डोलवतात, फार छान म्हणतात, हातावर फळ ठेवतात आणि माझू देवीला उदबत्ती लावायला निघून जातात. नास्तिकाशी दोन हात करायच्या तयारीने आलेल्या पोरांची या गोडव्यापुढे पार दमछाक होते.

श्रोते आयते मिळण्याची जागा एकच: कचऱ्याची गाडी. संध्याकाळी ती बेथोव्हेनची 'फ्यूर एलिझे' वाजवत येते आणि गल्लीतलं झाडून सगळं माणूस पिशव्या घेऊन बाहेर उभं राहतं. आमचे दोघेही आपली पिशवी घेऊन उभे राहत, टायसकट. तिथेच त्यांना तळमजल्यावरची आजी भेटली. तिने सगळं ऐकून घेतलं. येशू चांगला, म्हणाली. रविवारी येईन, म्हणाली. ठेंगणा आनंदाने वही काढतोय तोवर तिने विचारलं, तुमच्या येशूला वाहायला केळी चालतात की अननस?

उंच्याने धीर न सोडता समजावलं की, तिथे काही वाहत नाहीत, आणि एकदा आलं की बाकीचे देव सोडावे लागतात. आजीने त्याच्याकडे अशा मायेने पाहिलं, जणू या पोराला उन्हाची बाधा झाली असावी. मग पेरू कापून आणले, वर आंबटगोड आलुबुखाराची पूड भुरभुरली, आणि खिशातून फोन काढून एक फोटो दाखवला. नात. तायपेईत बँकेत आहे. तुमच्यापैकी कोण मोठा?

ठेंगण्याने उंच्याकडे बोट दाखवलं. उंचा पेरू चावत राहिला.