जळक्या वासाचे मानकरी

गाडीत चार माणसं बसली की चार नाकंही बसतात, हे निघताना कुणी हिशेबात धरत नाही. नागपूरहून कुंटाला धबधब्याला जायचं तर ४४ नंबरचा महामार्ग धरून नाकासमोर दक्षिणेला जात राहायचं. रस्ता चुकायची सोयच नाही. त्यामुळे सगळी चुकाचूक आम्ही निदानासाठी राखून ठेवली होती.

पाटणबोरी गेली, पैनगंगेचा पूल आला, महाराष्ट्र संपला. पलीकडच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो आणि गाडीत जळका वास शिरला.

"कुणाची तरी फोडणी जळली," आत्या म्हणाल्या.

बायको माझ्याकडे न बघता "क्लच" एवढंच म्हणाली. माझा डावा पाय क्लचवर विश्रांती घेतो, अशी तिची जुनी तक्रार आहे. साडूभाऊंनी दोन्ही मतं झटकली. "वास गाडीचा नाहीच. आदिलाबाद म्हणजे कापूस. जिनिंगमधली सरकी पेटली असणार!"

दिवाळी तोंडावर होती, पुढे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. टोल भरून निघालो, वास गेला. "विझवली आग," साडूभाऊ म्हणाले. पुढे गुरं आडवी आली म्हणून थांबलो तर वास हजर. चहाला थांबलो, पुन्हा हजर. आम्ही थांबू तिथे जिनिंग पेटत होतं.

खरं कारण साधं असतं. चालत्या गाडीत बॉनेटखालची हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. उभ्या गाडीत तीच हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत ओढली जाते. थांबल्यावर येणारा वास बहुधा आपल्याच घरचा असतो.

बॉनेट उघडलं. साडूभाऊंनी डिपस्टिक उपसली, खिशातल्या पांढऱ्या इस्त्रीच्या रुमालाने पुसली, बुडवली, पुन्हा उपसली. ऑइल खालच्या खुणेच्या जरासंच वर होतं. मागे जाऊन बघितलं, सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता. तो असता तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणायचं, आणि त्या खर्चापायी कुंटाला राहून परस्पर काशीच गाठावी लागली असती.

आदिलाबाद गावात गॅरेज सापडलं. मिस्त्रीने चौघांच्या साक्षी शांतपणे ऐकल्या आणि म्हणाला, "बंद करा जी गाडी. अर्धा घंटा थंडी होऊ द्या."

तो अर्धा तास आत्यांनी घेतला. त्यांचं माहेर राजुऱ्याचं. "१९५६ पर्यंत आमचं राजुरा याच जिल्ह्यात होतं बरं का," त्यांनी सांगितलं, बिलात माहेरवाशिणीची सवलत मिळावी अशा सुरात. "बरोबर हाय, मावशी," मिस्त्री म्हणाला आणि चहा मागवला. बिलाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मला त्या माणसाचं एक फार आवडलं. त्याने वास घेतलाच नाही. चिंधीने इंजिन पुसून काढलं, गाडी जराशी चालू केली आणि टॉर्च मारून बघत बसला. ऑइल खाली ओघळतं, म्हणून खालचे डाग सोडायचे आणि सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. तो सापडला टॅपेट कव्हरच्या कडेला. तिथलं रबरी पॅकिंग इतकं कडक झालं होतं की नखाने दाबल्यावर वाकायच्या ऐवजी तुटलं. त्याच्यातून थेंब थेंब ऑइल खालच्या मॅनिफोल्डवर पडत होतं. मॅनिफोल्ड तापतो कित्येकशे अंशांपर्यंत, आणि इंजिन ऑइलची वाफ दोनशेच्या वर पेट घेण्याजोगी होते. हे दुर्लक्ष करण्यातलं प्रकरण नव्हे. शिवाय तापल्या लोखंडावर तेल म्हणजे फोडणीच. आत्यांनी हे पुढे कुणाला विसरू दिलं नाही.

"बोल्ट कचकचून आवळून टाका ना," साडूभाऊंनी सुचवलं.

"आवळलं तं कव्हर तडकते जी." मिस्त्रीने इंजिनातून ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. "हा वाजाले पाह्यजे." वाजला नाही. काजळीने चोंदला होता. इंजिनातल्या दाबाला बाहेर पडायला वाट नसली की तो पॅकिंगमधूनच ऑइल ढकलतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तेही गळू लागलं असतं. व्हॉल्व्ह धुतल्यावर खुळखुळला. आत्यांनी तो मागून घेऊन स्वतः वाजवून खात्री केली.

"ओरेय, पदी नंबर पाना ते!" पोऱ्याने पाना आणला. नवं पॅकिंग बसलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. ऑइलची भर घातली. निघताना मिस्त्रीने पथ्य सांगितलं: "सांडलेलं जळाले पाह्यजे ना. गुडीहत्नूरपर्यंत वास येईन. इचोड्याच्या पुढं आला तं वापस या."

गुडीहत्नूरपर्यंत आम्ही परवानगीने वास घेतला. इचोडा गेलं आणि वास गेला. गाडीत एकाएकी बोलायला विषय उरला नाही. नेरडीगोंड्याला वळताना साडूभाऊ म्हणाले, "मला अजून येतोय." कुणाला येत नव्हता. ते मात्र ठाम होते, दर दोन मिनिटांनी छाती भरून हुंगत होते आणि मिस्त्रीच्या कामाबद्दल शंका घेत होते.

कुंटाल्याला कडम नदी सुमारे ४५ मीटरांवरून कोसळते. पायऱ्या उतरून खाली गेलो, तुषार अंगावर आले. साडूभाऊंनी चष्मा काढला, वरच्या खिशातून रुमाल काढला आणि तोंड नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसलं.

बायको म्हणाली, "भाऊजी, तसेच उभे राहा. फोटो काढते."

आत्यांनीही काही सांगितलं नाही.