मोकळी जमीन

देवगड तालुक्यातील सड्यांवरची पडीक जमीन मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू गृहस्थांना विकून देणे हा माझा चरितार्थाचा उद्योग असून, या उद्योगास समाजात जी प्रतिष्ठा आहे ती सावकारीपेक्षा किंचित अधिक आणि फलज्योतिषापेक्षा किंचित उणी आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. ज्योतिष्याला निदान पुढे घडणाऱ्या गोष्टींविषयीच बोलावे लागते. मला मात्र पुढे होणाऱ्या महामार्गाविषयी आणि मागे होऊन गेलेल्या पणजोबांविषयी सारख्याच निःशंकपणे बोलावे लागते. महामार्गाचे एक वेळ बरे. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन ते इतकी वर्षे रेंगाळले, ही प्रवाशांच्या दृष्टीने आपत्ती असली तरी माझ्या धंद्यावर तिचे उपकार आहेत. ‘रस्ता पुरा झाला की भाव दुप्पट’ हे वाक्य मला एक काना-मात्रा न बदलता वर्षानुवर्षे वापरता आले. पणजोबांचे तसे नाही. ते पुरते मयत होऊन गेलेले असूनही कागदोपत्री हयात असतात, आणि त्यांच्या संमतीवाचून पान हलत नाही.

गिऱ्हाईक येते ते मोकळी जमीन मागत. ‘आजूबाजूला कोणी नको हो,’ असे तो गृहस्थ खुर्चीवर टेकताटेकताच सांगतो आणि त्याची सौभाग्यवती ‘पण सुरक्षित हवी’ अशी पुस्ती जोडते. अशा दांपत्याला मी भाद्रपदाच्या उत्तरार्धात सड्यावर नेतो. त्या दिवसांत काळ्याठिक्कर जांभ्या कातळावर तेरड्याचा आणि सोनकीचा गालिचा अंथरलेला असतो, खळग्याखळग्यांतून पाणी वाहत असते आणि ते बारमाही आहे काय, असे विचारण्याचे भान त्या रमणीय क्षणी कोणालाच राहत नाही. हाच कातळ वैशाखात दाखवण्याचा अविचार माझ्या व्यवसायबंधूंपैकी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गृहस्थ दोन्ही हात कमरेवर ठेवून चहूकडे दृष्टी फिरवतात आणि दीर्घ श्वास घेऊन म्हणतात, ‘वा! इथे कोणीच नाही!’

मी गप्प राहतो. ज्या माळावर डोळ्यांना चिटपाखरू दिसत नाही, त्याच माळावर सातबाऱ्यात पाय ठेवायला जागा नसते, हे ज्ञान गिऱ्हाइकाला क्रमाक्रमाने झालेले बरे.

सातबाऱ्याच्या दाटीची कल्पना यावी म्हणून एक नमुना सांगतो. २८ गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावर ३१ खातेदार, हे प्रमाण आमच्याकडे असाधारण मानले जात नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा, १०८९ चौरस फूट. तेव्हा वाटणी अक्षरशः करायची म्हटली तर प्रत्येकाच्या वाट्याला गुंठाभर कातळही येत नाही. या एकतीस जणांपैकी काही डोंबिवलीस, काही बडोद्यास, एखादा बेळगावास आणि बरेचसे वैकुंठास असतात. ज्यांची नावे कंसात गेली ते फेरफाराने मुक्त झालेले जीव. परंतु ज्यांचे वारस नोंदवण्याचे राहून गेले ते पुण्यात्मे बिनकंसाचे तसेच उभे असतात. एका उताऱ्यावर तर एका खातेदारापुढे ‘अज्ञान’ असा शेरा आणि त्याच्या पालनकर्त्या मातोश्रींचे नाव मी वाचले. या अज्ञान बालकाचा शोध घेत त्याच्या घरी गेलो, तेव्हा ते नातवाच्या मुंजीच्या याद्या करत बसले होते, आणि महसूल खात्याच्या दृष्टीने आपण अजून सज्ञान झालेलो नाही हे ऐकून त्यांच्या मंडळींना जो आनंद झाला तो त्यांना लपवता आला नाही.

वारसांच्या बाबतीत मी एक नियम अनुभवाने बांधला आहे: हिस्सा जितका लहान, तितका हरकतीचा आवाज मोठा. निम्म्याचा मालक ‘तुम्ही ठरवा’ म्हणून मोकळा होतो. आणि बहात्तराव्या हिश्श्याचा धनी मात्र पूर्वजांच्या भूमीविषयी असे गहिवरून बोलतो, की ती भूमी त्याने कधी पाहिलेली नाही हे त्याला सांगायला जीभ रेटत नाही. पूर्वी बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात एका कडेला बसवून भाऊ निश्चिंत होत असत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाल्यापासून ती निश्चिंती गेली. मला गावात पाऊल टाकताच कोणत्या घरी सौदा पिकत आला आहे हे सांगता येते. त्या वर्षीच्या भाऊबिजेला ओवाळणी पैठणीची असते, आणि पैठणीच्या घडीत हक्कसोडपत्राचा मसुदा असतो. भगिनीवर्गही आता तेवढा भोळा राहिलेला नाही. पैठणी ठेवून घेऊन मसुदा ‘ह्यांना दाखवते’ म्हणून परत करण्याची चाल रूढ झाली आहे.

मालक आटोपले की कुळे उभी राहतात. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक झाले. मात्र अशी जमीन विकायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. २०१४ साली त्या अटीतून वाट निघाली: खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षे लोटली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरावा आणि मोकळे व्हावे. आता आमच्या वरकस जमिनीचा आकार म्हणजे इंग्रज सरकारलासुद्धा दया आली असावी अशी रक्कम. आकार सदतीस पैसे असेल, तर चाळीस पटीने होतात १४ रुपये ८० पैसे. जो सौदा लाखांत चालला आहे, ज्यासाठी पुण्याहून मोटारी आल्या आहेत, तो या चौदा रुपये ऐंशी पैशांच्या चलनाकरिता खोळंबून राहतो, आणि पक्षकार एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

परंतु हे सारे विकणाऱ्याचे झाले. घेणाऱ्याचा खरा कस कुळकायद्याच्या ६३ व्या कलमापाशी लागतो. शेतकरी नसलेल्या इसमास शेतजमीन विकत घेता येत नाही. तशी परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळवणे शक्य असले, तरी त्यापेक्षा शेतकरी होणे सोपे, असे लोक मानतात. पुण्याच्या एका अभियंत्यांचे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यांच्या पणजोबांनी दुष्काळाला कंटाळून माण तालुका सोडला, आजोबांनी परळच्या गिरणीत जन्म काढला, वडिलांनी बँकेत बढत्या घेतल्या. अशा रीतीने नांगरापासून दूर पळण्यासाठी तीन पिढ्यांनी केलेला उद्योग पुसून टाकण्याकरिता हे चौथ्या पिढीचे विद्वान रजा काढून दहिवडीकडच्या एका तलाठ्याच्या दफ्तरासमोर दिवसचे दिवस बसून राहिले. अखेर चुलतचुलत्यांच्या मेहेरबानीने, ओढ्यात गेलेल्या तीन गुंठे पोटखराब्याला त्यांचे नाव लागले. त्या तीन गुंठ्यांत पीक कधी आले नव्हते व येणारही नाही. पण त्यांतून एक शेतकरी मात्र उगवला. दाखला हाती पडल्याचे त्यांनी मला दूरध्वनीवरून कळवले, तेव्हा पाऊसपाण्याची चौकशीही केली. आवाजात फरक पडला होता.

मग मोजणीचा दिवस उजाडला. भूमी अभिलेख खात्याकडे फी भरून तारीख मिळवावी, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाव्यात आणि भूकरमापकाने आपली तिपाई सड्याच्या मध्यावर रोवावी, एवढ्याने आमच्याकडे माणसे पहिल्या पावसानंतरच्या अळंब्यांसारखी जमिनीतून वर येतात. अभियंते त्या निर्जन माळावर उन्हाची टोपी घालून उभे होते. घटकाभरात त्यांच्याभोवती एवढा जमाव झाला की चहाची किटली दोनदा खाली पाठवावी लागली. करवंदीच्या जाळीमागून एक वृद्ध गृहस्थ खाकरत आले, फणसाच्या झाडाला पाठ टेकून बसले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले,

‘जमीन खुशाल घेवा. पण ह्यो फणस आमचो.’

अभियंत्यांना ही थट्टा वाटली. मी त्यांना बाजूला घेऊन समजावले, की जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचे असा मामला आमच्या भागात चालतो, इतर हक्कांत तशी नोंदही सापडते. आणि झाड ज्याचे त्याला फणस उतरवायला येण्याजाण्याची वाट द्यावी लागते. ‘म्हणजे माझ्या जमिनीत हे केव्हाही येणार?’ त्यांनी विचारले. ‘केव्हाही नाही,’ मी म्हणालो, ‘फक्त फणसाच्या दिवसांत.’ काकांनी यावर ‘आणि पाने नेवक शेळयेसाठी’ अशी दुरुस्ती सुचवली, ती नमूद करून घेण्यात आली.

फणसानंतर देवाचा नंबर. कोपऱ्यातल्या कुड्याच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक पाषाण होता, तो राखणदार. त्याला विचारल्याखेरीज कुदळ मारायची नाही, हा गावाचा शिरस्ता. चार वकिलांनी तपासल्यावाचून कागदावर सही न करणारे आमचे अभियंते नारळ हातात धरून, मान लववून उभे राहिले, गावकराने गाऱ्हाणे सुरू केले, आणि त्यातील एकही अट नीट ऐकू आलेली नसताना त्यांनी प्रत्येक थांब्याला सर्वांबरोबर ‘व्हय महाराजा’ म्हणून बिनशर्त संमती दिली. माझ्या दलालीच्या कारकिर्दीत इतका निर्वेध करार मी दुसरा पाहिला नाही.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खरेदीखत झाले त्या दिवसाचे वर्णन मी टाळतो. एकतीस हिस्सेदारांचे अंगठे उठवताना काय काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांच्या कुटुंबसंस्थेवरील श्रद्धेस मला धक्का लावायचा नाही. अभियंत्यांनी घर बांधले, कलमे लावली, माकडांशी वैर आणि फणसवाल्या काकांशी मैत्री जोडली आणि पुण्यास जाणे हळूहळू कमी केले.

अलीकडेच त्यांच्या लगतचा तुकडा मी बोरिवलीच्या एका दांपत्याला दाखवला. भाद्रपद होताच, सोनकी फुलली होती. ‘इथे कोणीच नाही!’ असे म्हणून झाले, इसार झाला, मोजणीची तारीख पडली. भूकरमापकाने तिपाई रोवली मात्र, करवंदीच्या जाळीमागून कोणी तरी खाकरले. डोक्याला पंचा गुंडाळलेले आमचे अभियंते बाहेर आले. त्यांच्या काखेत सातबाऱ्याची ताजी नक्कल होती आणि फेरफाराचा क्रमांक त्यांना तोंडपाठ होता.

‘मोजा खुशाल,’ ते बोरिवलीकरांना म्हणाले, ‘पण ही पाणंद आमच्या पूर्वापार वहिवाटीची आहे.’

पूर्वापार म्हणजे किती वर्षे, असे भूकरमापकाने विचारताच ते किंचित घुटमळले. पण तोवर साक्ष द्यायला काका पुढे सरसावले होते.