लॅमिंग्टन रोडचा अभ्यासक्रम

पोराला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की गिरगावच्या चाळीत पेढ्यांबरोबर बातमीही फिरते: आता प्रिंटर बिघडला तर बाहेर जायला नको. समोरच्या काकूंचा मोबाइल, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा हयातीचा दाखला, सगळं त्याच्याच गळ्यात. "काकू, आम्हाला हे शिकवत नाहीत हो." "मग एवढी फी कशाची रे घेतात?"

पहिल्या वर्षी त्याच्या हातात कानस देतात आणि लोखंडाचा तुकडा घासायला लावतात. कोडिंग कधी, असं विचारत पोरं घासत राहतात. मला त्यात गैर वाटत नाही. प्रोग्रॅम लिहिणं हा या विद्येचा निम्मा भाग. तो ज्या तारांतून, ट्रान्झिस्टरांतून पळतो, तो उरलेला निम्मा. शून्य आणि एक म्हणजे अखेर व्होल्टेज कमी की जास्त, एवढंच.

फळ्यावर न पटलेलं हे पटवायला ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहे. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावानं विचारलं तर लोक तुमच्याकडेच बघतात.) तिथला दुकानदार टक्के विचारत नाही. "कितने ओहम का?" म्हणतो आणि रेझिस्टर कागदात बांधून देतो. तिथूनच आर्दुइनोचा बोर्ड घेऊन पोरं लालबागच्या मंडळाची रोषणाई करायला बसतात. दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. अर्धी रात्र प्रोग्रॅम तपासण्यात जाते आणि पहाटे कळतं, दिव्यांच्या पॉवर सप्लायचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलाच नव्हता. सेमिस्टरभर न कळलेला धडा एका काळ्या वायरीनं शिकवला.

या पदवीचा आपल्याकडे पत्ताही नव्हता, तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टिफ्रॅक' हा संगणक उभा केला. १९६० साली तो चालू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. लालबागच्या त्या आर्दुइनो उनोची चालू कामाची स्मृती २,०४८ बाइटांची, म्हणजे टिफ्रॅकच्या एक पंचमांश. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांना आरतीच्या तालावर नाचणारे दिवे हवे असतात, आणि तेही उद्या संध्याकाळपर्यंत.