अजूनही चि.

हॉटेलात वेटर वही घेऊन उभा आहे. मुलीने मसाला डोसा सांगितला, सौ.नं इडली-वडा सांगितला, आणि आता सगळ्यांचे डोळे चिरंजीवांकडे. चिरंजीव मेनूकार्ड वरून खाली वाचतात, खालून वर वाचतात, एका ओळीवर बोट ठेवतात आणि खिशातून फोन काढतात. "हॅलो, आई? जेवलीस? बरं ऐक ना, मला रवा डोसा आवडतो का गं?"

वय वर्षे ४३.

पलीकडून उत्तर येतं. चिरंजीव मान डोलावतात, फोन ठेवतात आणि वेटरला सांगतात, "साधा डोसा. रव्यानं मला जड होतं." ही बातमी त्यांना स्वतःलाही नुकतीच कळलेली असते.

या गृहस्थाची ओळख करून द्यायची गरज नाही. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक विंगेत असा एक असतोच. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावाआधी 'चि.' छापतात आणि नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.'. अक्षता पडल्या की ती सौ. होते आणि त्याचं 'चि.' जाऊन 'श्री.' लागतं, अशी आपली समजूत. याचं तेवढं राहून गेलं. पत्रिका २००९ची आहे.

एरवी माणूस कामाचा. हिंजवडीत हाताखाली ४० माणसं, परदेशी गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणायची धमक, कोट्यवधींच्या हिशेबावर सही करताना हात थरथरत नाही. थरथरतो तो पडवळासमोर. "आई, मला पडवळ आवडतं ना गं?" आवडतं, असं कळलं की मग मात्र दोन वेळा मागून घेतात.

खरं तर लक्षण पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, मंडळी खाली उतरली. सौ.चा धाकटा भाऊ रिक्षा थांबवायला पुढे गेला होता, त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. रिक्षात बसता बसता नवरामुलगा आईला विचारत होता, "आवडली का गं मला?" भावानं हे घरी सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. लाजतोय बिचारा, असं सौ.च्या आईचं मत पडलं. लग्न ठरलं.

मधुचंद्र महाबळेश्वरला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती त्याआधीही तितकीच लाल होती. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी त्या महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातच पिकते. तिथे जाऊन ती न खाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन कळसाला नमस्कार करून परत फिरणं. सौ.नं क्रीम घातलेले दोन ग्लास मागवले. चिरंजीव ग्लास घेऊन जरा बाजूला गेले, रेंज शोधत. परत आले ते ग्लास तसाच घेऊन. "मला चालत नाही म्हणाली. घसा धरतो." सौ.नं दोन्ही ग्लास संपवले. नवी नवरी होती, रडायला तिला जागा नव्हती, चमचा होता.

दाढ दुखायला लागली तेव्हाची गोष्ट तर दातांचे डॉक्टर अजून इतर पेशंटांना सांगतात. "कुठली दुखतेय?" त्यांनी विचारलं. चिरंजीवांनी तोंड उघडं ठेवूनच फोन लावला. आईनं सांगितलं, खालची डावीकडची, शेवटून दुसरी. पाचवीत असतानाही तिनंच त्रास दिला होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तीच निघाली. असा नवरा परवडला, पण आईचं बरोबर निघतं हे सहन करणं फार अवघड.

आता कुणी म्हणेल, हे संस्कार आहेत. महाराष्ट्रात आईवेड्या मुलाला दोष देणं कठीणच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आचार्य अत्र्यांनी तिचा सिनेमा केला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तेव्हापासून इथल्या प्रत्येक मुलाला आपण श्याम आहोत असं वाटत आलंय. पण दोन गोष्टी सोयिस्करपणे विसरल्या जातात. एक, श्यामच्या आईनं पोहायला घाबरणाऱ्या पोराला फोक मारून विहिरीवर धाडलं होतं. दोन, साने गुरुजींनी लग्न केलं नाही. त्यामुळे श्यामच्या बायकोचं काय झालं असतं, हा प्रश्न बेचाळीस रात्रींत एकदाही येत नाही.

हा वाण फक्त पुण्यात पिकतो असंही नाही. इटलीत अशांना 'मामोने' म्हणतात. जपानी लोकांनी 'माझाकॉन' असा शब्दच केला. १९९२ साली तिथल्या एका मालिकेतला फुयुहिको नावाचा आईवेडा नवरा इतका गाजला, की बायका आपापल्या नवऱ्यांना त्या नावानं टोमणे मारू लागल्या. सौ.नं हे वाचलं तेव्हा तिला टोकियोतल्या अनोळखी बायकांबद्दल एकदम माया दाटून आली.

उपाय तिनं सगळे करून पाहिले. अबोला धरला, चिरंजीवांनी आईला विचारलं, "ही माझ्याशी बोलत नाहीये का गं?" रात्री नऊनंतर फोन बंद, असा नियम केला, ते मेसेज टाकून निळ्या खुणांची वाट बघत बसले. घरकामात हात लावायला लावला. तर वरणाचा कुकर स्पीकरवर लागला. इकडे शिट्टी, तिकडे सदाशिव पेठेत आईची मोजणी. केंद्र सरकारनं २०१९मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. त्यानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७, तीही जे करतात त्यांचीच. चिरंजीवांच्या ९७ मिनिटांतली निम्मी "हं... हं... मग?" यात जायची.

मग सौ.ची एक वकील मैत्रीण आली. तिनं सांगितलं, सासूपासून तोडायला जाऊ नकोस. नवऱ्यानं आईवडिलांना सोडून वेगळं राहावं असा विनाकारण हट्ट धरणं ही क्रूरता ठरते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६च्या एका घटस्फोटाच्या निकालात म्हटलंय. सौ. म्हणाली, "अगं, सासूबाई केव्हाच्या वेगळ्या राहतात, स्वतःच्या हौसेनं. वेगळा राहत नाही तो हा."

शेवटी तिनं बायकी अक्कल वापरली. दोनशे पानी वही आणली आणि एका रविवारी दुपारी थेट सदाशिव पेठ गाठली. "अहो आई, याला काय आवडतं, काय चालतं, काय सोसत नाही, सगळं एकदाच सांगून टाका. मी लिहून घेते. तुमच्या मागची कटकट जाईल."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. दुधी, आवडतो. पडवळ, फार आवडतं. दोडका, हो. कोबी, चालतो. सौ. भराभरा लिहीत होती. 'स्ट्रॉबेरी' आली आणि सासूबाई थांबल्या. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की शेंगांचं सूप मांडीवरून घसरलं.

"मला तरी काय ठाऊक गं त्याला काय आवडतं! मंडईत जे स्वस्त, ते आवडतं म्हणून सांगायचे. दुधी स्वस्त झाला की दुधी आवडतो. पडवळ तर काय, जीव की प्राण. आणि स्ट्रॉबेरी... पाचवीत शाळेची सहल निघाली महाबळेश्वरला. हातावर दहा रुपये ठेवले आणि सांगितलं, स्ट्रॉबेरी तुला चालत नाही बरं, घसा धरतो. दहाच्या दहा रुपये परत घेऊन आला गं तो."

मग बाकीचं आपोआप आलं. सासरे गेले तेव्हा हा दुसरीत होता. ते टेलिफोन खात्यात होते, म्हणून अनुकंपा तत्त्वावर सासूबाईंना एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी मिळाली. पाळीची ड्यूटी, कानाला हेडफोन, १९७ नंबरवर लोकांना टेलिफोन नंबर शोधून द्यायचे. हा शाळेतून यायचा, गळ्यातल्या किल्लीनं कुलूप काढायचा. घरात दुसरं कुणी नाही. तेव्हा नियम एकच होता: विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही. मग हा शेजारच्यांच्या घरी जाऊन १९७ फिरवायचा. फोन कुणीही उचलला तरी तिथल्या बायका ओळखायच्या. "थांब हं राजा, आईला देते." सगळं पुणं शहर कुणाकुणाचे नंबर विचारत लाइनवर खोळंबलेलं, आणि एका खुर्चीवर ठरत असायचं की कालचं वरण याला चालतं की नाही.

सौ.नं वही मिटली. राग गेला असं नाही. पंधरा वर्षांचा राग एका दुपारीत जात नसतो. पण त्या दिवसापासून तिनं सासूचं नाव फोनमध्ये '१९७' असं करून ठेवलं.

त्याच आषाढात सासूबाई वारीला निघाल्या. पालखी पुण्यात मुक्कामाला आली तेव्हा दिंडीत सामील झाल्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, त्यातला त्यांच्या वाट्याचा दिवे घाट चढून पुढचा. जाताना मोबाइल सौ.च्या हातात दिला. "दिंडीत कुणाच्याही फोनवरून मी तुला करीन. हा तू सांभाळ. काहीही सांग त्याला. मी तेच केलंय."

पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी तो फोन वाजला. बोलणारा आठ पावलांवर, दिवाणखान्यात सोफ्यावर. "आई, मला फणस चालतो का गं?" सौ.नं फोन उचलून सांगितलं, "चालतो. गरे काढून ठेवलेत, ये."

"बरं, ठेवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. मग आत आला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. तो आधी हसला, हे त्याच्या खात्यावर जमा करायला हवं. पण सवय कसली जाते? वारी संपेपर्यंत फोन येतच राहिले, आणि सौ. ड्यूटीवरच्या बाईसारखी पाचव्या रिंगच्या आत उचलत राहिली. सगळे मिळून एकसष्ट.

वारीहून सासूबाई एसटीनं परतल्या, तो त्यांना आणायला स्वारगेटला गेला. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. घरी आल्यावर त्यानं टबात गरम पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, मुठीनं मीठ टाकलं आणि आईचे पाय उचलून आत सोडले. सौ. दारात उभी होती. मीठ किती घालायचं, हे त्यानं कुणालाही विचारलं नाही.

डिसेंबरात कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे स्ट्रॉबेरीच्या पेट्या आल्या. सौ.नं एक आणली आणि धुऊन टेबलावर ठेवली. महाबळेश्वरच्या सहलीबद्दल ती अजूनही त्याला काही बोललेली नव्हती. त्यानं पेटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनं फोन लावला.

"आई, मला स्ट्रॉबेरी चालत नाही ना गं?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हातारी म्हणाली, "आता चालते."

अकरा खाल्ल्या त्यानं. घसा दुसऱ्या दिवशीही ठणठणीत होता.